वऱ्हाडातील मास्तरांच्या पिढ्या घडविणारे भाऊसाहेब

कृषिमंत्री म्हणून डॉ. पंजाबराव देशमुख देशाला ठाऊक आहेत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे आणि शेतकऱ्यांचे कैवारी ही त्यांची ओळख शालेय पुस्तकांपर्यंत पोहोचली आहे. मात्र अमरावती, अकोला, बुलडाणा आणि यवतमाळ या वऱ्हाडच्या चार जिल्ह्यांत त्यांचे एक काम याहून खोलवर रुजले. शेतकऱ्याच्या मुलाने शाळेत जावे एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्याच मुलाने शिकून पुन्हा गावच्या शाळेत मास्तर म्हणून उभे राहावे, यासाठी लागणारी सारी साखळी त्यांनी एकेका कडीने जोडत नेली. वसतिगृह, प्राथमिक शाळा, हायस्कूल, महाविद्यालय आणि त्यापुढे शिक्षकांचे प्रशिक्षण अशी ही साखळी होती. वऱ्हाड ज्यांना आजही आदराने भाऊसाहेब म्हणतो, त्यांच्या आयुष्याचा हा भाग कृषिकार्याच्या प्रकाशात काहीसा झाकोळला गेला आहे.

पापळ ते एडिंबरो

अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी २७ डिसेंबर १८९८ रोजी पंजाबरावांचा जन्म झाला. वडील शामराव, आई राधाबाई. घराणे मूळचे कदम. देशमुखीच्या वतनामुळे देशमुख हे आडनाव रूढ झाले. वतन असले तरी घर शेतकऱ्याचेच होते आणि त्या काळातील वऱ्हाडी शेतकऱ्याचे सारे गणित कापसावर चालत असे. एखादे साल पिकले तर घरात पैसा खुळखुळे, पुढचे साल बुडाले की सावकाराचे दार गाठावे लागे. अशा घरातील मुलाने गावची शाळा संपली की औताला हात लावावा, हाच रिवाज होता.

पंजाबरावांच्या बाबतीत शामरावांनी हा रिवाज मोडला. पापळची शाळा संपल्यावर चांदूर रेल्वे, त्यानंतर कारंजा आणि शेवटी अमरावतीचे हिंदू हायस्कूल असा या मुलाचा प्रवास झाला. प्रत्येक टप्प्यावर गाव सोडावे लागले, नवे बिऱ्हाड करावे लागले, परक्या घरी राहावे लागले. खेड्यातील मुलाच्या शिक्षणात बुद्धीपेक्षा राहण्या-जेवण्याची अडचण मोठी असते, याचा अनुभव त्यांना शालेय वयातच आला. पुढे त्यांच्या शैक्षणिक कार्याची सुरुवात वर्गखोलीने न होता वसतिगृहाने झाली, याचे मूळ या अनुभवात शोधता येते.

मॅट्रिकनंतर पंजाबराव पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले आणि १९२० मध्ये उच्च शिक्षणासाठी त्यांनी विलायतेची वाट धरली. त्यासाठी वडिलांना कर्ज काढावे लागले. विलायतेत त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला, एडिंबरो विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळविली, तेथील संशोधनवृत्ती पटकावली आणि बॅरिस्टरीही पूर्ण केली. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. हा ग्रंथ पुढे १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. वेदाध्ययनाचा अधिकार ज्या समाजाला परंपरेने नाकारला होता, त्या समाजातील एका शेतकऱ्याच्या मुलाने वेदांवर डॉक्टरेट मिळविली, या घटनेचा अर्थ त्या काळच्या वऱ्हाडला वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

१९२६ मध्ये ते अमरावतीस परतले. बॅरिस्टरला जिल्ह्याच्या न्यायालयात मान होता आणि पैसाही होता. घरावरील कर्ज फेडायचे तर वकिलीला पर्याय नव्हता. त्यांनी वकिली सुरू केली, पण आयुष्याचा ओघ दुसरीकडे वळला.

मास्तर येणार कोठून?

भाऊसाहेबांच्या कामाचे मोल समजण्यासाठी त्या वेळच्या वऱ्हाडातील शिक्षणाकडे पाहणे आवश्यक आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्यानंतर अमरावती आणि अकोला येथे सरकारी हायस्कुले निघाली. प्राथमिक शाळांसाठी शिक्षक तयार करणारे ट्रेनिंग कॉलेज एकोणिसाव्या शतकातच अकोल्यात सुरू झाले होते. म्हणजे शिक्षकाला शिकवावे लागते, हा विचार वऱ्हाडला नवा नव्हता. नवा होता तो प्रश्न वेगळाच होता: हे शिक्षक कोणाच्या घरातून येणार?

मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, उत्तीर्ण झालेला तरुण प्राथमिक शाळेत मास्तर होऊ शकत असे. त्यातील काहींची नॉर्मल स्कूलसाठी निवड होई. तेथे वर्गाचे व्यवस्थापन, फळ्याचा वापर, पाठाची आखणी आणि सराव पाठ यांचे शिक्षण मिळे. नॉर्मल पास मास्तराला पगार थोडा अधिक आणि गावात मान बराच अधिक असे. परंतु सातवीपर्यंत पोहोचणारी मुलेच मोजकी होती. शेतकरी, कारागीर आणि अस्पृश्य मानलेल्या समाजांतून तेथवर येणारी तर विरळाच. परिणामी खेड्यातील शाळेत येणारा मास्तर बहुधा बाहेरचा असे. त्याचे चित्त बदलीकडे लागलेले आणि गावाची भाषा, शेतीचे हंगाम, मुलांच्या घरची ओढाताण यांच्याशी त्याचा संबंध बेताचाच.

हायस्कूलच्या पातळीवर अडचण आणखी मोठी होती. तेथे शिकविण्यासाठी पदवीधर हवा. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज १९२३ मध्ये निघाले आणि त्याच वर्षी नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली. त्यापूर्वी पदवीसाठी वऱ्हाडी विद्यार्थ्याला नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. पदवी मिळवून शिक्षणशास्त्राचे प्रशिक्षण घ्यायचे तर मध्यप्रांत आणि वऱ्हाड यांच्यासाठी असलेले ट्रेनिंग कॉलेज थेट जबलपूरला होते. पापळसारख्या गावातून जबलपूरपर्यंतचे अंतर रेल्वेच्या तिकिटात मोजता येणारे नव्हते.

छात्रालयाचा पाया

परतल्यावर लवकरच पंजाबरावांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. डिसेंबर १९२६ मध्ये दिल्लीत हत्या झालेल्या स्वामी श्रद्धानंदांचे नाव या वसतिगृहाला देण्यात आले. येथे सर्व जातींच्या विद्यार्थ्यांना प्रवेश होता. स्पृश्य आणि अस्पृश्य मुलांनी एका छपराखाली राहावे आणि एका पंगतीत जेवावे, हे त्या काळात साधे नव्हते. आपला मुलगा तेथे ठेवण्यास कचरणारे पालक होते आणि बाहेरून बोल लावणारेही होते.

१९२७ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील निर्णायक ठरले. अमरावतीचे अंबादेवी मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठीच्या चळवळीत त्यांनी पुढाकार घेतला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत या प्रश्नावर परिषद भरली. त्याच महिन्यात पंजाबरावांनी विमल वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. देशमुख घराण्यातील बॅरिस्टर मुलाने जातीबाहेर लग्न करावे, हे नातलगांना सहजी रुचणारे नव्हते. विमलाबाईंनी मात्र हा संसार सार्वजनिक कार्याचाच भाग मानला. छात्रालयातील मुलांची उस्तवार त्यांच्याही वाट्याला आली. पुढे १९६७ ते १९७२ या काळात त्या राज्यसभेच्या सदस्य होत्या.

वसतिगृह हे शिक्षक घडविण्याच्या साखळीतील पहिली कडी ठरते, कारण खेड्यातील मुलगा सातवीच्या पुढे टिकतो की नाही, हे तेथे ठरते. राहण्याची सोय झाली की तो मॅट्रिकपर्यंत जातो. मॅट्रिक झालेल्या दहांपैकी दोघे-तिघे जरी मास्तरकीकडे वळले, तरी तेवढ्या गावांना आपल्यातला शिक्षक मिळतो. सातारा भागात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून हाच मार्ग अवलंबिला होता. त्यांनीही वसतिगृहापासून सुरुवात केली आणि १९३५ मध्ये साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. महाराष्ट्राच्या दोन टोकांना, भिन्न परिस्थितीत, दोन माणसे एकाच निष्कर्षाला पोहोचली होती.

सक्तीच्या शिक्षणाचा हिशेब

१९२८ मध्ये पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. कौन्सिलच्या ताब्यातील सार्वजनिक विहिरी त्यांनी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या आणि प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे पाऊल उचलले. त्यासाठी पैसा उभा करायचा तर कर वाढविणे भाग होते. कर वाढविणारा पुढारी कोणत्याही काळात लोकप्रिय नसतो. त्यातही ज्यांच्याकडून कर घ्यायचा, तो शेतकरीच होता. तरीही शिक्षणकराचा हा वाटा गावात परत येतो आणि मुलाच्या हाती पाटी देतो, हे त्यांनी गावोगाव पटवून दिले.

सक्तीचे शिक्षण ही घोषणा म्हणून सोपी असते; अमलात आणताना तिचा हिशेब करावा लागतो. शाळा वाढली की मास्तर वाढवावे लागतात. मास्तर वाढवायचे तर सातवी उत्तीर्ण तरुण हवेत. ते हवे असतील तर गावोगाव वरच्या वर्गांच्या शाळा हव्यात. त्या शाळांना मॅट्रिक आणि पदवीधर शिक्षक हवेत, आणि पदवीधर हवे असतील तर जवळपास महाविद्यालय हवे. एक कडी नसेल तर उरलेली साखळी निरुपयोगी ठरते. शाळेची इमारत उभी आहे, मुले पटावर आहेत आणि शिकविणारा एकच मास्तर चार वर्ग सांभाळतो आहे, हे चित्र त्या काळी सर्वत्र दिसे. मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका मिळणे तर त्याहून अवघड होते. भाऊसाहेबांच्या पुढील पस्तीस वर्षांच्या कामाचा क्रम पाहिला, तर तो या साखळीच्या क्रमानेच पुढे सरकलेला दिसतो.

१९३० मध्ये ते मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या कायदेमंडळात निवडून गेले आणि शिक्षण, कृषी व सहकार या खात्यांचे मंत्री झाले. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी एका प्रांताचे शिक्षणखाते त्यांच्या हाती आले. परंतु तो काळ जागतिक मंदीचा होता. कापसाचे भाव कोसळले होते, शेतकरी कर्जात बुडाला होता आणि सरकारी तिजोरीत नव्या शाळांसाठी पैसा नव्हता. शेतकऱ्याच्या कर्जाला लवादामार्फत आळा घालणारा कायदा १९३३ मध्ये या प्रांतात झाला. त्यामागे पंजाबरावांचा आग्रह होता. शिक्षणाशी या कायद्याचा संबंध वरवर दिसत नाही. पण कर्जबाजारी घरातून शाळेतील मुलगाच पहिल्यांदा कमी होतो, हे वऱ्हाडात कोणालाही सांगावे लागत नव्हते. १९३३ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले.

श्री शिवाजी शिक्षण संस्था

मंत्रिपदावर असतानाच, १९३२ मध्ये, अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना झाली होती. सरकारी यंत्रणेच्या गतीने खेड्यापर्यंत हायस्कूल पोहोचण्यास किती दशके लागतील, याचा अंदाज शिक्षणखात्याच्या खुर्चीवरून त्यांना सहज आला असावा. लोकांनी वर्गणी द्यावी, जागा द्यावी, संस्थेने शाळा चालवावी आणि सरकारने अनुदान द्यावे, ही त्यांनी स्वीकारलेली पद्धत होती. या पद्धतीत शाळा ही गावाची मालमत्ता ठरते आणि मास्तर हा गावाला उत्तर देणारा माणूस ठरतो.

संस्थेच्या शाळा वऱ्हाडच्या तालुक्यांच्या ठिकाणी आणि मोठ्या खेड्यांत पसरू लागल्या, तेव्हा शिक्षकांची चणचण प्रथम तिलाच जाणवली. खेड्यात येण्यास पदवीधर तयार नसे. अनुदान उशिरा येई, पगार वेळेवर होत नसे, राहण्यास घर नसे. अशा शाळांत उभा राहणारा शिक्षक बहुधा संस्थेच्याच वसतिगृहात वाढलेला, तिच्याच हायस्कुलात शिकलेला असे. प्रशिक्षण नसतानाही तो वर्गावर जाई आणि पुढे सवड मिळेल तेव्हा प्रशिक्षण पूर्ण करी. आधी वर्ग आणि मग प्रशिक्षण हा उलटा क्रम आदर्श नव्हता. पण त्या काळात दुसरा क्रम शक्य नव्हता, कारण प्रशिक्षित शिक्षकाची वाट पाहत बसले असते तर निम्म्या शाळा उघडल्याच नसत्या.

याच सुमारास वऱ्हाडच्या शेजारी, वर्धा येथे, शिक्षक प्रशिक्षणाचा एक वेगळा प्रयोग आकार घेत होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद झाली आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा दिला. प्रांताचे शिक्षणमंत्री पं. रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना त्यापाठोपाठ आली आणि तिच्या शिक्षकांसाठी १९३८ मध्ये वर्ध्यात प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. सूतकताई, शेती आणि हस्तव्यवसाय यांतून शिकवू शकेल असा शिक्षक घडविणे, हे त्याचे उद्दिष्ट होते. वऱ्हाडच्या वाटेचा भर मात्र वेगळा राहिला. भाऊसाहेबांनी शेतकऱ्याच्या मुलाला हायस्कूल आणि महाविद्यालयाच्या रुळलेल्या मार्गावरच आणले. पदवीचे दार ज्यांच्यासाठी कधी उघडलेच नव्हते, त्यांना आधी ते दार ओलांडू द्यावे, असा हा मार्ग होता.

पदवीधर गावाकडे

१९४६ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी महाविद्यालय सुरू झाले. १९५४ मध्ये अकोल्यातही संस्थेचे श्री शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. या दोन महाविद्यालयांनी वऱ्हाडातील शिक्षकी पेशाचा चेहरामोहरा बदलला. अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूर, मोर्शी या भागांतील मुलाला आता पदवीसाठी नागपूर-पुण्याचे बिऱ्हाड करावे लागत नव्हते. घरचा डबा, एस. टी. किंवा रेल्वेचा पास आणि सुटीच्या दिवशी शेतातील काम सांभाळूनही बी. ए., बी. एस्सी. होता येऊ लागले. घरातील पहिला पदवीधर आणि गावातील पहिला हायस्कूल मास्तर, असे दुहेरी मान मिळविणारे तरुण या पिढीत दिसू लागले.

पदवी मिळाली म्हणजे शिक्षक तयार झाला, असे मात्र नसते. विषय येणे आणि तो तेरा वर्षांच्या मुलाला येईल अशा रीतीने मांडणे, यांत अंतर आहे. हे अंतर भरून काढण्यासाठी पूर्वी बी. टी. आणि पुढे बी. एड. हा अभ्यासक्रम असतो. त्याची रचना वऱ्हाडातील हजारो कुटुंबांच्या परिचयाची आहे. प्रथम मानसशास्त्र आणि अध्यापनपद्धतीची व्याख्याने, मग सहाध्यायांसमोर छोटे पाठ आणि त्यानंतर जवळच्या शाळांत सराव पाठ. प्रत्येक पाठाआधी टाचण लिहायचे. उद्दिष्ट, प्रस्तावना, विषयविवेचन, फलकलेखन, उपयोजन आणि स्वाध्याय असे त्याचे टप्पे. मागच्या बाकावर बसलेले प्राध्यापक वहीत शेरे लिहितात: प्रश्न एकाच मुलाला विचारले, फळ्याकडे तोंड करून बोलला, मागची रांग सुटली. महाविद्यालयातून बाहेर पडलेला तरुण याच टप्प्यावर विद्यार्थ्याचा शिक्षक होतो.

शिवाजी शिक्षण संस्थेच्या विस्तारात अशा अध्यापक प्रशिक्षणाच्याही संस्था आल्या, शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालयही आले. अमरावतीला या क्षेत्रात आधीची परंपरा होतीच. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान आखाड्यातून वाढलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने शारीरिक शिक्षणाचे शिक्षक घडविण्याचे काम देशभर पोहोचविले होते. जबलपूरकडे डोळे लावून बसावे लागणारा वऱ्हाड दोन-तीन दशकांत स्वतःचे शिक्षक स्वतः तयार करू लागला.

दिल्लीतून अमरावतीकडे

स्वातंत्र्यानंतर भाऊसाहेबांचे कार्यक्षेत्र दिल्ली झाले. संविधान सभेचे सदस्य म्हणून त्यांनी शेतकरी आणि मागासवर्गीयांची बाजू मांडली. १९५२, १९५७ आणि १९६२ या तिन्ही निवडणुकांत अमरावतीकरांनी त्यांना लोकसभेत पाठविले. १९५२ ते १९६२ या दहा वर्षांत त्यांनी केंद्रात कृषिखाते सांभाळले. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाजाची स्थापना केली. भातशेतीची जपानी पद्धत देशात रुजविण्याची मोहीम त्यांच्याच काळातील. डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरविण्यात आले, त्यामागेही त्यांचेच परिश्रम होते.

या व्यापातही अमरावतीचे शिक्षणकार्य मागे पडले नाही. ग्रामीण भागासाठी उच्च शिक्षणाचा वेगळा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने डॉ. के. एल. श्रीमाळी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिच्या शिफारशींनुसार १९५६ मध्ये देशभरात निवडक ग्रामीण संस्था सुरू करण्यात आल्या. महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीच्या मौनी विद्यापीठाबरोबर अमरावतीच्या श्री शिवाजी लोकविद्यापीठाला हा मान मिळाला. खेड्यातील मुलाला खेड्यापासून न तोडता उच्च शिक्षण द्यावे, त्याने ग्रामसेवा, सहकार, शेती आणि शिक्षण या क्षेत्रांत परत जावे, ही त्यामागील कल्पना होती.

ही कल्पना पूर्णतः यशस्वी झाली, असे म्हणता येणार नाही. ग्रामीण संस्थांच्या पदविकांना नोकरीच्या बाजारात विद्यापीठाच्या पदवीएवढी किंमत मिळेना. विद्यार्थी आणि पालक शेवटी पदवीकडेच वळले आणि देशभरात या संस्थांचे वेगळेपण हळूहळू मिटत गेले. शिकलेला मुलगा गावात राहावा ही इच्छा आणि शिक्षणाने त्याला गावाबाहेर जाण्याची संधी मिळावी हा हक्क, यांतील ताण भाऊसाहेबांच्या हयातीतच स्पष्ट झाला होता. त्यावर त्यांच्या संस्थेला जे उत्तर सापडले, ते शिक्षकाच्या रूपाने. गावात राहून पदवीचा उपयोग करता येईल आणि पगारही मिळेल, असा व्यवसाय त्या काळी मास्तरकीहून दुसरा क्वचितच होता.

अखेर आणि वारसा

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत डॉ. पंजाबराव देशमुख यांचे निधन झाले. वय अवघे सहासष्ट वर्षांचे होते. चार वर्षांनी, १९६९ मध्ये, अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला त्यांचे नाव देण्यात आले. १९८३ मध्ये अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. आज ते संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते. वऱ्हाडातील अध्यापक महाविद्यालये या विद्यापीठाच्या कक्षेत आली. १९८४ मध्ये शिवाजी शिक्षण संस्थेने अमरावतीत भाऊसाहेबांच्या स्मरणार्थ वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. रयत शिक्षण संस्थेनंतरची राज्यातील मोठी शिक्षणसंस्था म्हणून तिचे नाव घेतले जाते. २०१६ मध्ये राज्य सरकारने विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेल्या वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेला डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव आहे. श्रद्धानंद छात्रालयापासून निघालेल्या माणसाचे स्मरण निर्वाह भत्त्याच्या रूपाने व्हावे, यात औचित्य आहे.

शिक्षक घडविण्याच्या साखळीची आजची अवस्था मात्र वेगळी आहे. एके काळी वर्ग होते आणि प्रशिक्षित शिक्षक नव्हते. पुढे डी. एड. आणि बी. एड. महाविद्यालयांचे पीक आले आणि प्रशिक्षित तरुण वाढले, पण जागा आटल्या. २००० मध्ये राज्यात शिक्षणसेवक योजना आली आणि नवा शिक्षक तुटपुंज्या मानधनावर कामाला लागला. २०१२ पासून भरतीवर दीर्घकाळ निर्बंध राहिले. २०१३ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली आणि २०१७ मध्ये भरतीसाठी पवित्र पोर्टल आले. २०१५ पासून बी. एड. दोन वर्षांचे झाले आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बारावीनंतर चार वर्षांच्या एकात्मिक शिक्षक प्रशिक्षणाचा मार्ग आखला. दोन वर्षे बी. एड. करून, पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊनही शेतावर परतलेला तरुण आज वऱ्हाडच्या कोणत्याही गावात भेटतो. दुसरीकडे, कमी पटाच्या शाळांत एकाच शिक्षकाने सर्व वर्ग सांभाळावेत, हे शंभर वर्षांपूर्वीचे दृश्यही पुरते पुसले गेलेले नाही.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे, हेच भाऊसाहेबांच्या कामाकडे पुन्हा पाहण्याचे कारण आहे. त्यांनी शाळा, वसतिगृह, महाविद्यालय आणि प्रशिक्षण यांचा सुटा विचार केला नाही. कर किती बसेल, पैसा कोठून येईल, मुलगा कोठे राहील, शिकून तो कोठे उभा राहील, या सर्व प्रश्नांची मांडणी त्यांच्या कामात एकत्र दिसते. साखळीची शेवटची कडी म्हणजे प्रशिक्षित शिक्षकाची वर्गात नेमणूक. ती निखळली की आधीच्या साऱ्या कड्यांवरील खर्च वाया जातो. हा खर्च सरकारच्या वहीत दिसत नाही; तो पापळच्या शामरावांप्रमाणे कर्ज काढणाऱ्या बापाच्या सातबाऱ्यावर चढतो.

वऱ्हाडच्या खेड्यांतून आज निवृत्त होत असलेल्या मास्तरांची पिढी साधारणतः भाऊसाहेबांच्या निधनाच्या आगेमागे जन्मलेली आहे. त्यांतील बहुतेकांनी त्यांना पाहिलेले नाही. त्यांच्या आधीच्या पिढीतील कोणी काका, मामा किंवा शेजारी शिवाजीच्या वसतिगृहात राहून शिकला आणि मास्तर झाला. त्याच्याकडे पाहून घरातील दुसरा मुलगा कॉलेजला गेला. अशा रीतीने एका पिढीने दुसरीला वर्गापर्यंत आणले. अमरावती आणि अकोल्याच्या परिसरातील शाळांच्या हजेरीपटावर आज जी आडनावे दिसतात, तीच शिक्षकांच्या हजेरीपटावरही दिसतात. शंभर वर्षांपूर्वी तसे नव्हते, आणि तसे व्हावे यासाठी एका बॅरिस्टराने आपली सारी हयात खर्ची घातली.